जपानी तलवार शिकणाऱ्या बायकांसाठी: ओबी, पकड, गुडघे वगैरे

नाशकात इआयदो (म्यानातून तलवार काढून वार करायची कला) किंवा केनजुत्सु (जुनी जपानी तलवारबाजी) करणाऱ्या बायका मोजक्याच, शिकवणारे बहुतेक पुरुष, त्यामुळे नवीन मुलगी आली की महिन्याभरात तिला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "ताकद कमी पडतेय, पुशअप्स मार." ती बिचारी मारतेही. पण नीट बघितलं तर तिची ओबी, म्हणजे म्यान खोचायचा पट्टा, बरगड्यांपर्यंत चढलेली असते, लाकडी तलवारीची मूठ हातात मावत नसते, म्यान मागून शेजारणीच्या पोटात जात असतं आणि हे सगळं सामान ज्याने मागवलं त्याने स्वतःच्या पाच फूट दहा इंचाच्या हिशोबाने मागवलेलं असतं. मग ताकद कमी पडणार नाही तर काय होणार. आधी मापं जमवा, मग रस्ता जमवा, ताकदीचं सगळ्यात शेवटी बघू.

एक गोष्ट आधीच सांगते कारण यावरून वाद होतात. काता, म्हणजे ठरवून दिलेल्या हालचालींचा क्रम, बदलायचा का? नाही. पातं कुठल्या रेषेत जातं, कुठे लागतं, धार त्या रेषेत आहे का आणि त्या क्षणी तुमचा तोल जागेवर आहे का, एवढ्या गोष्टींना हात लावायचा नाही. पण तिथपर्यंत पोचताना कोपर कुठून गेलं, पाय किती रुंद ठेवले, ओबी किती खाली बांधली, आत टॉवेल घातला की नाही हा आपला मामला. सेन्सेईंनी, म्हणजे शिकवणाऱ्यांनी, अडवलं तर हेच विचारा, "सर, पातं चुकतंय का?" पातं चुकत असेल तर गप ऐकायचं, नसेल तर बहुतेक सेन्सेई सोडून देतात.

सामान

सुरुवात बोकेनने, म्हणजे लाकडी तलवारीने. स्टँडर्ड बोकेन साधारण १०१-१०२ सेंमी असतो आणि तुमची उंची पाच फूट असली तरी तो कापून छोटा करू नका, टोक कापलं की वजनाचा तोलच जातो आणि पार्टनरबरोबरच्या कातामध्ये अंतराचा हिशोब चुकतो. लांबी तीच ठेवून हलका घ्या. सुबुरितो नावाचा जाडजूड बोकेन मिळतो तो व्हिडिओत भारी दिसतो पण पहिलं वर्षभर त्याच्या नादी लागू नका, मनगट आणि कोपर दोन्ही धरतात.

मुठीची जाडी कशी बघायची ते सांगते. बोकेन धरला की मधल्या आणि अनामिकेच्या टोकाने तळहाताच्या अंगठ्याखालच्या मांसल भागाला टेकायला हवं किंवा अगदी थोडं अंतर राहायला हवं. मोठी फट राहत असेल तर मूठ जाड आहे आणि तुम्ही ती भरपाई अंगठा आणि पहिल्या बोटाने आवळून करणार, म्हणजे अगदी चुकीच्या बोटांनी. उपाय सोपा आहे, हार्डवेअरच्या दुकानातून १२० नंबरचा पॉलिश पेपर आणा, मग २२० चा, मूठ हळूहळू बारीक करा आणि शेवटी अळशीचं तेल चोळा. फक्त मूठ अंडाकृती असते ती अंडाकृतीच राहू द्या, गोल झाली तर अंधारात किंवा डोळे मिटून धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळणार नाही.

सुताराकडून बोकेन करून घेणारे बरेच जण आहेत. एकटीने सुबुरी, म्हणजे हवेत वार, मारायला चालतो, बाभळीचा असेल तर चिवट असतो, अवजारांचे दांडे उगाच बाभळीचे करत नाहीत. पण समोरासमोर लाकडावर लाकूड आपटायचं असेल तर रेषे टोकापासून मुठीपर्यंत सरळ गेलेत का ते बघा, मध्येच बाजूला बाहेर निघत असतील तर तो बोकेन एक दिवस तुटून कोणाच्या तरी तोंडावर जाणार. जपानी बोकेन बहुतेक ओकचे असतात ते याचसाठी.

इआयतो, म्हणजे बिनधारेची मिश्रधातूची सरावाची तलवार, महाग असते त्यामुळे माप नीट घ्या. पात्याची लांबी शाकूमध्ये सांगतात, एक शाकू ३०.३ सेंमी. ढोबळ हिशोब असा की १५५ सेंमी उंचीला २.२ शाकू, म्हणजे ६६-६७ सेंमीचं पातं, १६० ला २.३ च्या आसपास. दुकानात एकच माप असेल आणि ते २.४५ असेल तर "सवय होईल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तलवार हातात सरळ खाली सोडून उभं राहा, टोक जमिनीला लागायला नको, घोट्याच्या आसपास राहिलं पाहिजे. पात्याला खोबण असलेली घ्या, वजन कमी होतं आणि वार सरळ बसला की हवेत शिट्टी वाजते, म्हणजे घरी एकटी असलात तरी चूक-बरोबर कळतं. (शिट्टी नाही वाजली की जोरात मारायचं नाही, धार सरळ करायची. नव्वद टक्के जणी जोरात मारतात.)

केंदो (चिलखत घालून बांबूच्या तलवारीने खेळायचा प्रकार) करणार असाल तर तिथे हे आधीच मान्य झालेलं आहे. मोठ्यांच्या ३९ नंबरच्या शिनाईची, म्हणजे त्या बांबूच्या तलवारीची, कमाल लांबी स्त्री-पुरुष दोघांना १२० सेंमीच, पण किमान वजन पुरुषांना ५१० ग्रॅम आणि बायकांना ४४० ग्रॅम, टोकही थोडं बारीक चालतं. तरी क्लासमध्ये ग्रुप ऑर्डर जाते तेव्हा सगळ्या पुरुषांच्याच येतात, कारण यादी करणाऱ्याने विचारलेलंच नसतं. यादी तुम्ही करा.

ओबी, इथेच खरी गंमत आहे

ओबी म्हणजे साधारण ८ ते १० सेंमी रुंद आणि चारेक मीटर लांब कापडी पट्टा, तो कमरेत नाही तर कुल्ल्याच्या हाडांवर बसतो, पुढून बेंबीच्या खाली आणि मागून किंचित वर. पुरुषांचं कंबर-कुल्ला बहुतेक सरळ खाली असतं म्हणून तिथे पट्टा टिकतो. आपल्याकडे कुल्ला बाहेर येतो आणि कंबर आत जाते, त्यामुळे दहा मिनिटांत ओबी वर सरकून बारीक जागी जाऊन बसते, सैल होते आणि म्यानाला आधार राहत नाही. शिवाय कुल्ल्याचा फुगवटा म्यानाला बाहेर ढकलतो, म्यानाचं मागचं टोक बाहेर गेलं की पुढे मूठ पोटावर आडवी येते आणि मग काढताना उजवा हात छातीवरून फिरवावा लागतो. म्हणजे जी तक्रार सगळ्याजणी "छातीमुळे जमत नाही" म्हणून सांगतात त्यातली निम्मी ओबीची असते.

उपाय जपानी बायकांनीच काढलेला आहे. किमोनो नेसताना त्या कमरेच्या खोलगट भागाला टॉवेल गुंडाळतात म्हणजे अंग सरळ होतं आणि ओबी सपाट बसते. तेच आपण करायचं. पातळ सुती टॉवेल, पंचा असेल तर उत्तम, लांबीला तीन-चार घड्या घालून कमरेच्या खोलगट जागी गुंडाळा, नाडीने बांधा, वरून केइकोगी, म्हणजे सरावाचा अंगरखा, आणि मग ओबी. एप्रिल-मेमध्ये गरम होतं हे खरं आहे पण पंचा घाम पण टिपतो. ओबीचे तीन वेढे तरी यायला हवेत आणि पहिला वेढा सगळ्यात घट्ट, तोही श्वास सोडून पोट सैल असताना बांधा, पोट आत ओढून बांधलं तर सेइझामध्ये, म्हणजे गुडघे मुडपून टाचांवर, बसल्यावर जीव जातो.

म्यान कुठल्या वेढ्यात घालायचं ते तलवारीच्या शाळेप्रमाणे (परंपरेप्रमाणे) बदलतं, सेन्सेई सांगतील ते. घातल्यावर आरशात बघा, काही शाळांत त्सुबा म्हणजे मुठीपुढची चकती बेंबीसमोर येते, काहींत मुठीचं टोक अंगाच्या मध्यरेषेवर. तिथे येत नसेल तर म्यान ओढूनताणून वळवू नका, टॉवेलला अजून एक घडी घाला.

हाकामा, म्हणजे चुण्यांची सैल विजार, मागवताना उंचीच्या तक्त्यावर जाऊ नका. ओबी बांधा, कुल्ल्याच्या हाडापासून घोट्याच्या हाडापर्यंत टेप लावा, ते माप पाठवा. आपले पाय आणि धड यांचं प्रमाण तक्त्यातल्या माणसासारखं नसतं आणि लांब हाकामा सेइझामधून उठताना पायाखाली आला की काय होतं ते सांगायला नको. केइकोगीचा गळा वार करताना उघडतो त्याला आतून टिचबटण शिवून घ्या, दहा रुपयांचं काम आहे, आणि आत स्पोर्ट्स ब्रा अशी की जिला मागे हुक किंवा खांद्यावर प्लास्टिकचं बकल नाही.

तलवार बाहेर काढणं

आता नुकित्सुके, म्हणजे म्यानातून काढता काढता मारलेला पहिला वार. बऱ्याचजणी उजवा हात बाजूने आणतात, कोपर वर, खांदा कानाला, आणि मग दंड छातीवर दाबला जातो, दुखतं, म्हणून पाठीत वाकतात. खांदे पुढे घेऊन वाकायची सवय तलवारीने लागलेली नसते हो, ती सातवी-आठवीपासूनची असते, ओढणी नीट कर, सरळ चालू नकोस, वगैरे. कॉलेज रोडला संध्याकाळी उभं राहून बघा किती मुली सरळ खांद्याने चालतात. तलवार ते लगेच उघडं पाडते कारण वाकलेल्या खांद्यातून हात मोकळा फिरतच नाही. म्हणून पहिला सराव तलवार न घेता: भिंतीला पाठ लावून उभं राहा, खांद्याची पाती भिंतीला टेकू द्या, छातीचं मधलं हाड जरा वर, बरगड्या मात्र पुढे फेकायच्या नाहीत. असं उभं राहून दोन्ही हात मुठीच्या जागी न्या. आधी लाज वाटते, नंतर जाते.

मग काढताना उजवा हात खालून येऊ द्या, कोपर जमिनीकडे, पुढचा हात छातीच्या खालच्या रेषेतून. अंगठ्याने त्सुबा ढकलून पातं मोकळं केलं की मूठ आडवी न ओढता समोरच्या माणसाच्या बेंबीकडे ढकला, सरळ पुढे. अंगावरून जायचंच नाही. पातं शेवटच्या वीतभर राहिलं की आडव्या वारासाठी म्यान बाहेरच्या बाजूला लोळवा, आणि इथे डावा हात काम करतो.

हात छोटे असतील तर सगळा जीव या डाव्या हातात आहे. याला सायाबिकी म्हणतात, म्यान मागे ओढणं. उजवा हात पुढे पोचत नाही म्हणून बायका उजवा खांदा पुढे फेकतात आणि तोल जातो, त्यापेक्षा डावं खांद्याचं पातं पाठीच्या कण्याकडे ओढा, डावा कुल्ला किंचित मागे जाऊ द्या, म्यान ओबीतून मागे सरकेल आणि पातं आपोआप सुटेल. सराव असा करा: उजवी मूठ भिंतीपासून बोटभर अंतरावर स्थिर ठेवा, हलवायचीच नाही, आणि फक्त डाव्या हाताने म्यान मागे ओढून पातं जितकं निघेल तितकं मोकळं करा. अगदी सावकाश, आणि इआयतोनेच, धारेच्या तलवारीने कधीच नाही. डाव्या हाताची बोटं म्यानाच्या धारेकडच्या बाजूला गुंडाळलेली नकोत, स्वस्त म्यानं फुटतात. हे रोज थोडं केलं की लांब हाताच्या पोरांपेक्षा तुमचं काढणं स्वच्छ दिसायला लागतं, कारण त्यांना डाव्या हाताची गरज पडत नाही म्हणून ते शिकतच नाहीत.

परत म्यानात घालताना, नोतो, पुन्हा हाच डावा हात. पातं डाव्या अंगठा-बोटाच्या खाचेतून सरकवताना टोक पोचत नसेल तर उजवा हात ताणू नका, म्यानाचं तोंड मागे ओढा आणि डावा कुल्ला मागे घ्या.

पकड आणि वार

करंगळी आणि अनामिका घट्ट, मधलं बोट मध्यम, बाकीची दोन नुसती टेकलेली. जपानी शिक्षक ओला पंचा पिळायची उपमा देतात, मनगटं आत वळतात पण खांदे सैल. डाव्या हाताची करंगळी मुठीच्या अगदी टोकाला. चुदानमध्ये, म्हणजे तलवार समोर मधोमध धरलेल्या पवित्र्यात, डावी मूठ पोटापासून एक मूठ लांब ठेवायला सांगतात, छाती मोठी असेल किंवा बाळंतपणानंतर पोट असेल तर दीड मूठ ठेवा, काही बिघडत नाही. डोक्यावर उचलताना कोपरं छातीला चेपून आणायची नाहीत, हात थोडे पुढून कमानीत वर जाऊ द्या, फक्त मध्यरेषा सोडू नका.

कोपराचं एक आहे. हात खाली सोडून तळवे पुढे केले की पुढचा हात जरा बाहेर झुकतो, तो कोन बायकांमध्ये सरासरीने थोडा जास्त असतो, आणि बऱ्याचजणींचं कोपर सरळ रेषेच्या पलीकडेही वाकतं. त्यामुळे वार संपताना कोपर खाडकन लॉक होतं आणि दोन-तीन महिन्यांनी आतल्या बाजूला दुखायला लागतं. वार कोपर पूर्ण सरळ व्हायच्या जरासा आधी थांबवा, आणि थांबवायचं पोटाने आणि पाठीने, हाताने खेचून नाही. आरशासमोर हळू मारा आणि तलवारीची पाठ नाकाच्या रेषेत आहे का एवढंच बघा.

जोर कुठून येतो म्हणाल तर, वरच्या अंगात स्त्री-पुरुषांतला ताकदीचा फरक बराच असतो, पायात आणि कुल्ल्यात त्यामानाने कमी, शिवाय आपला गुरुत्वमध्य जरा खाली असतो. तलवार नेमकं तेच मागते, खाली बसलेलं वजन पुढे सरकवणं. पुढचा पाय टेकणं आणि वार पोचणं एकाच वेळी झालं की झालं. पाचशे सुबुरी मारण्यापेक्षा दहा-दहाचे पाच सेट, मध्ये हात झटकून, आणि प्रत्येक सेटमध्ये शेवटचा वार पहिल्यासारखाच आला पाहिजे, नाही आला की थांबा.

गुडघे

ओटीपोटाचं हाड रुंद म्हणून मांडीचं हाड गुडघ्याकडे जास्त तिरकं येतं. हा कोन पुरुषात साधारण १४ अंश आणि बायकांत १७ धरतात. त्याचा परिणाम एवढाच की वाकताना गुडघा आत पडायची शक्यता जास्त. सेइझामधून उजवा पाय पुढे टाकताना, अर्धवट बसलेल्या इआयगोशीमध्ये, प्रत्येक वेळी गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. मैत्रिणीला समोर बसवा आणि मोबाईलवर शूट करायला सांगा, स्वतःला कळत नाही.

उभं राहताना पाय कुल्ल्याच्या बाहेरच्या कडेएवढे रुंद ठेवायचे नाहीत, खुब्याचे सांधे बरेच आत असतात, त्यांच्या खाली पाय. मागच्या पायाचा पंजा बाहेर वळतो तो सरळ करा, नाहीतर कंबर उघडते आणि वार डावीकडे जातो.

गच्चीवर सराव करणाऱ्यांनो, चायना मोझॅकवर आणि शहाबादीवर सेइझा करू नका, फोमची चटई टाका किंवा हाकामाच्या आत गुडघ्याचे पॅड घाला. गुडघे आधीच कुरकुरत असतील तर झेन निप्पोन केंदो रेनमेईच्या (जपानच्या केंदो महासंघाच्या) १२ इआय कातांपैकी तीनच सेइझामधून आणि एक अर्ध्या बैठकीतून आहे, बाकी आठ उभ्याने आहेत. पाचव्या नंबरच्या केसागिरीपासून सुरू करा, वर्षभर पुरेल एवढं आहे त्यात. केंदो करत असाल तर डाव्या टाचेमागची शिर सांभाळा, थंडीत निफाडला पारा खाली गेला की आपल्याकडेही सकाळी पाय लाकडासारखे असतात, वॉर्मअप न करता फुमिकोमी, म्हणजे पुढचा पाय आपटत झेप, मारायची नाही.

उंच पार्टनर

उंच माणसासमोर सगळ्यात मोठा मोह म्हणजे डोक्यापर्यंत पोचायला पुढे झुकणं. झुकायचं नाही, अर्धं पाऊल आत जायचं. भीती वाटते म्हणून अंतर जास्त ठेवलं जातं आणि मग हात ताणावे लागतात, असं ते चक्र आहे. त्याचं मनगट तुम्हाला डोक्यापेक्षा जवळ आहे, आणि त्याने हात वर नेला की कूस उघडते. १९१२ साली ठरलेल्या निहोन केंदो कातामध्ये दहापैकी शेवटचे तीन छोट्या तलवारीचे, कोदाचीचे आहेत, ते बायकांनी आवर्जून करावेत, छोट्या हत्याराने लांब हत्याराच्या आत कसं शिरायचं हे त्यात पायांनी शिकवलंय.

आणि दुसरा त्रास म्हणजे सभ्य पार्टनर. "मॅडम आहेत" म्हणून तो वार एक वीत अलीकडे थांबवतो किंवा मुद्दाम बाजूने मारतो. मग तुम्ही ज्या वाराला टाळताय तो मुळात येतच नसतो आणि तुमचं अंतर कायमचं चुकतं. त्याला सांगा, वेग कमी कर पण अंतर आणि रेषा खरी ठेव. दादा-काका जे काय म्हणत असाल ते म्हणून गोड बोलून सांगा, पण सांगाच. बायकांचं हत्यार नागिनाता (लांब दांड्याला लावलेलं पातं), तलवार नाही, असंही कोणीतरी ऐकवतं. आयझूच्या लढाईत १८६८ मध्ये नाकानो ताकेको नागिनाता घेऊनच लढली हे खरं आहे, पण त्यावरून तुम्हाला कताना पेलणार नाही असं कुठे निघतं.

ज्यावर क्लासमध्ये कोणी बोलत नाही

पाळीत ओबीचा पहिला वेढा सैल आणि अजून खाली, ओटीपोटाच्या हाडावर. पोटात कळा असतील तर सेइझा सोडा, उभ्याचे काता करा, नाहीतर नुसता नोतो करत बसा, तो कोणाचाच नीट नसतो. गरोदरपणात पार्टनरचा सराव आणि ओबी दोन्ही बंद, बाकी काय चालेल ते डॉक्टरांना बोकेन दाखवून विचारा, नुसतं "एक्सरसाइज" म्हटलं तर त्यांना चालणं वाटतं. बाळंतपणानंतर सांधे काही महिने सैल असतात, म्हणून लांब पावलं टाकायची घाई नको.

जोरात किआई, म्हणजे वार करतानाची आरोळी, केल्यावर लघवीचा थेंब येणं हे मुलं झालेल्या बऱ्याचजणींना होतं आणि त्या चुपचाप क्लास सोडतात. किआई घशातून दाबून करू नका, आवाजाच्या आधी ओटीपोटाचा तळ वर उचलून घ्या आणि श्वास पूर्ण बाहेर जाऊ द्या. तरी होत असेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा, यावर व्यायाम आहेत आणि फरक पडतो.

राहिलं नेण्या-आणण्याचं. धारदार तलवार रस्त्याने नेली तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली आणि पोलिसांच्या मनाई आदेशाखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि शहरात असे आदेश निघतात तेव्हा त्यात लाठ्याकाठ्याही येतात. इआयतोला धार नसते हे मुंबई नाक्यावर अडवणाऱ्या हवालदाराला बघून कळणार नाही. म्हणून बोकेन असो की इआयतो, चेन बंद होणाऱ्या लांब बॅगेत, क्लासचं ओळखपत्र आणि खरेदीची पावती त्याच बॅगेच्या खिशात, घरून थेट हॉल आणि हॉलवरून थेट घर. गणपती, निवडणुका आणि सिंहस्थाच्या बंदोबस्तात तर शक्यतो सामान हॉलवरच कपाटात ठेवा. आणि स्कूटीवर नेताना बॅग पाठीवर उभी, पायाशी आडवी अजिबात नको, वळताना बाजूच्या गाडीला लागते.